हुकमाचा धनी

शांतिनाथ आणि मी एकाच क्रेनवर चढायचो. ग्रीसचा डबा एक, पाना एक, उंची एक. वरून पडलो असतो तर दोघंही सारखेच सपाट झालो असतो. फरक होता तो पडल्यानंतरचा. तो पडला असता तर "आमचे कर्मचारी", मी पडलो असतो तर "बाहेरचा कुणीतरी माणूस".

शांतिनाथ चौगुले हा माझा सख्खा मेव्हणा, माझ्या बायकोचा, त्रिशलाचा थोरला भाऊ. शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पर्मनंट. नाव सांगत नाही, अजून तिथंच जायचं आहे. आणि मी धनपाल मगदूम, तिथल्याच क्रेनच्या दुरुस्तीचा ठेकेदार. ठेकेदार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं गॉगल आणि गळ्यात सोन्याची चेन येते. माझ्या ठेक्यात माणूस एकच होता आणि तो मीच. मीच मालक, मीच कामगार, आणि मीच माझ्याकडं रजेचा अर्ज करून मीच तो नाकारायचो.

रिटर्न भरायचे दिवस आले की चहाच्या गाड्यावर आमची कुस्ती ठरलेली.

"दाजी, तुमचं बरं आहे. मला हातात पन्नास हजार, तुम्हाला बिलाचे सत्तर."

"अरे, सत्तर कागदावर! टीडीएस आधीच कापून घेतात. पाना माझा, बूट माझे, पेट्रोल माझं. क्रेन बंद पडली की माझी कमाई बंद. तुला दिवाळीची सुट्टी पगारी, मला दिवाळीची सुट्टी म्हणजे उपवास."

"पण कराचं काय? तुम्ही पेट्रोल खर्चात दाखवता, मोबाईल खर्चात दाखवता. माझा पगार माझ्याआधी सरकारला दिसतो."

हे मात्र खरं होतं. खर्च दाखवण्यात माझा हात कुणी धरायचा नाही. एकदा तर मी सीएला विचारलं होतं, की त्रिशलाला वाढदिवसाला घेतलेली साडी क्रेन पुसायचं फडकं म्हणून लावता येईल काय. सीएनं चष्मा काढून माझ्याकडं बघितलं आणि परत घातला.

"आणि तुझा पीएफ?" मी शांतूला डिवचायचो. "तू जेवढे घालतोस तेवढेच कंपनी घालते. मी घातले तर या खिशातून त्या खिशात. ग्रॅच्युइटी, पगारी रजा, विमा, सगळं धर आणि मग सांग कुणाचं बरं."

हिशेब कधीच सुटायचा नाही. चहावाला म्हणायचा, दोघंही सारखेच, कारण दोघंही एकच बिस्कीट मोडून खाता.

मग त्रिशलाला धाप लागायला लागली. आधी जिन्यावर, मग कणीक मळताना, मग नुसतं बोलताना. डॉक्टरांनी मशिनीवर तिचं काळीज आम्हाला दाखवलं. एक व्हॉल्व्ह नीट मिटत नव्हता. व्हॉल्व्ह म्हणजे माझा रोजचाच विषय. हायड्रॉलिकचा व्हॉल्व्ह मी चहा गार व्हायच्या आत बदलतो. डॉक्टर म्हणाले, हा बदलायला आठ लाख.

विम्याचा एजंट आला, माझ्या घरचा चहा प्यायला आणि म्हणाला, "जुना आजार आहे ना, तीन वर्षं थांबावं लागेल." डॉक्टर म्हणाले होते, वर्षभर थांबू शकतो, त्याच्या पुढचं मी काही बोलत नाही. आणि शांतूच्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन फाउंड्रीच्या विम्यात एक रुपया न भरता झालेलं. पर्मनंट माणसाच्या घरच्यांना पहिल्या दिवसापासून विमा, जुना आजारसुद्धा चालतो.

म्हणजे हिशेब सुटला. मला पर्मनंट व्हायचं होतं, वर्षाच्या आत.

*

नेमका त्याच महिन्यात नवा कायदा आला आणि त्याच्याबरोबर नवी हेल्मेटं आली. दिसायला साधीच, पिवळी. आत कपाळाच्या पट्टीत शेंगदाण्याएवढ्या चकत्या. आमच्या एचआरच्या नेर्लेकर मॅडमनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवून समजावून सांगितलं. बाई हुशार, आणि मुख्य म्हणजे माझ्या गमतींवर कधीही न हसणारी.

"आपण आपल्या मनानं हात उचलतो ना," मॅडम म्हणाल्या, "तेव्हा मेंदूची तयारी आधी सुरू होते. हात हलायच्या सेकंदभर आधीपासून आत बारीकशी वीज चढत जाते, घाटात गाडी चढावी तशी. पण दुसऱ्यानं 'उचल' म्हटलं आणि हात उचलला गेला, तर तो घाट दिसत नाही. दिसलाच तर अगदी छोटा. हेल्मेट हा घाट मोजतं. घाट मोठा तर काम तुमच्या मर्जीचं. घाट नाही तर ते हुकमाचं."

"आणि मोजून काय करणार?" मी विचारलं.

"आजवर कंपन्या आपल्याच कामगारांना ठेकेदार म्हणायच्या, पीएफ वाचवायला. आणि काही हुशार लोक स्वतःला ठेकेदार म्हणायचे, कर वाचवायला." इथं त्यांनी माझ्याकडं बघितलं. साडीची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. "आता कागदावर कोण काय लिहितो त्याला अर्थ नाही. थेट डोक्याला विचारायचं. तीन महिन्यांची सरासरी. मर्जी पन्नास टक्क्यांच्या वर, तर तुम्ही ठेकेदार. खाली, तर कर्मचारी. कर तसा, सवलती तशा."

मागून कुणीतरी म्हणालं, "कंपनीनं मधे एजन्सी घातली तर? म्हणजे माणूस एजन्सीचा, हुकूम कंपनीचा?"

"हेल्मेटला कानपण आहेत. कुणाचा आवाज आला आणि हात हलला, हे ते टिपतं. ज्याच्या आवाजानं हात हलतो तोच मालक. कायद्यात त्याला हुकमाचा धनी म्हटलंय. पळवाट नाही."

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. एवढं सोपं? सांगतील ते मुकाट्यानं करायचं, बस! हेल्मेटच्या कडेला मर्जीचा बारका आकडा दिसायचा. पहिल्याच आठवड्यात शांतूचा आकडा आला बावीस. हा माणूस सांगितल्याशिवाय शिंकत नाही.

माझा आला अठ्ठ्याऐंशी.

चूक माझीच. त्याच आठवड्यात मी क्रेनच्या भोंग्यावरून जनरल मॅनेजरच्या आवाजात जाहीर केलं होतं, की आज कॅन्टीनला जिलेबी आहे. अर्धी फाउंड्री ताटं घेऊन उभी. स्वतः जनरल मॅनेजरसुद्धा रांगेत आले, कारण त्यांना वाटलं आपणच सांगून विसरलो. ते बोलताना माझ्या डोक्यातली वीज किती चढली असेल, विचारू नका.

"आता मस्करी बंद," मी शांतूला म्हटलं. "तू हुकूम सोड, मी पाळतो. तू कंपनीचा माणूस, म्हणजे माझी मालक कंपनी."

"दाजी, तो नट आवळा."

मी आवळला. आकडा एक्क्याण्णव.

"अहो, मनापासून पाळा की!"

"मनापासूनच पाळतोय लेका, म्हणून तर आकडा वर चाललाय!"

मॅडमकडं गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मगदूम, तुम्ही हुकूम पाळत नाही. तुम्ही हुकूम पाळायचं ठरवताय. ठरवणं म्हणजेच मर्जी."

"मग न ठरवता कसं पाळायचं?"

"ते शाळेत शिकवतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही बहुतेक त्या दिवशी गैरहजर होता."

बाई माझ्यापेक्षा वरचढ निघाली. पण मला हसू आलं नाही. महिना संपत आला होता आणि त्रिशला आता दोन उशा घेऊन झोपत होती.

*

हेल्मेट घरी न्यायची मला मुभा होती, कारण ठेकेदारानं आपलं साधन आपण सांभाळायचं. मी ते घरात घालूनच फिरायचो, आकडा खाली आणायच्या सरावाला. एका संध्याकाळी सराव करून करून कंटाळा आला आणि हात शिवशिवायला लागले. जत्रेतनं आणलेली रबरी पाल होती. म्हटलं, तांदळाच्या डब्यात ठेवावी.

झाकण उघडलं, पाल आत सोडणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"धनपाल! ठेव ती खाली!"

पाल फरशीवर पडली होती. कधी पडली ते मला कळलंच नाही. हात आधी मोकळा झाला आणि मी मागाहून तिथं पोचलो.

लग्नाला अठरा वर्षं झाली. आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. त्रिशलानं माझं नाव एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, तेही मान खाली घालून. त्यानंतर मी "अहो". बाहेर "आमचे हे". बँकेत विचारलं तर पासबुक पुढं करायची. आणि आता दाराच्या चौकटीला धरून, धापा टाकत, माझं उघडंनागडं नाव.

तिनं जीभ चावली. "अवो, चुकून गेलं तोंडातनं. छातीत धस्स झालं माझ्या."

मी हेल्मेट काढून आकडा बघत होतो. नऊ.

"त्रिशला," मी म्हटलं, "परत ओरड."

"काय?"

"माझ्या नावानं ओरड. काहीपण सांग."

"मी न्हाई बाई. आईनं ऐकलं तर काय म्हणेल?"

"तुझी आई येत्या का क्रेनवर? ओरड की."

बराच वेळ विनवल्यावर तिनं पदर तोंडाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाली, "धनपाल, बस."

मी पाटावर होतो. अकरा.

"अहो, उभे राहा ना," म्हणाली तर मी उठलो, पण आकडा सत्तर. तिच्या "अहो"ला मी अठरा वर्षं पाहिजे तेव्हा ऐकलं होतं आणि नको तेव्हा बहिरा झालो होतो. "अहो"मध्ये माझ्या मर्जीला जागा होती. नावात नव्हती. लहानपणी आई अशी हाक मारायची, मास्तर मारायचे, आणि त्या हाकेनंतर जे व्हायचं ते माझ्या हातात कधीच नसायचं. ती वाट डोक्यात तशीच पडून होती. त्रिशलाचा पाय चुकून तिच्यावर पडला होता.

मी तिला उचलून घेणार होतो, पण डॉक्टरांनी दगदग नको सांगितलेलं. "झालं तुझं ऑपरेशन!" मी म्हटलं. "समज, झालंच!"

*

दुसऱ्या दिवसापासून त्रिशला माझ्या कानात आली. हेल्मेटमध्ये फोन लागायचा. ती घरी वाटाणे सोलत बसायची, मी वर क्रेनच्या पुलावरून दिसेल ते सांगायचो आणि ती हुकूम सोडायची.

"ड्रमचं कव्हर उघडलंय."

"मग काय करायचं असतंय?"

"ग्रीस."

"धनपाल, ग्रीस लाव."

पहिले दोन आठवडे ती प्रत्येक "धनपाल"नंतर हळूच "माफ करा हं" म्हणायची. मग ते बंद झालं. मग तिला मजा यायला लागली. खरं सांगतो, मलाही. शांतू खालून हातवारे करून विचारायचा की कुणाशी बोलताय, आणि मी म्हणायचो, "वरच्या साहेबांशी." महिन्याभरात ती आवाजावरून क्रेन ओळखायला लागली. "ते किरकिरतंय काय? धनपाल, आधी ते बघ." आकडा साठ झाला, मग बावन्न, मग एक्केचाळीस. मॅडमनी आकडा बघून भुवया वर केल्या. त्यांना पहिल्यांदा हरवल्याचा आनंद मी घरी येऊन साजरा करणार होतो.

घरी आलो आणि दारात उभा राहिलो. चपला पायात, डबा हातात. आत जायचं हे ठाऊक होतं. पण "आत जा" असं कुणी म्हणालं नव्हतं.

"अहो, या की आत."

मी हसलो. पाय हलले नाहीत.

त्रिशलाही हसली. मग तिचं हसू हळूहळू उतरलं. "धनपाल, आत ये. चपला काढ. हात धू."

मी हात धुतले. साबण तिनं सांगितला नव्हता, म्हणून नुसत्या पाण्यानं.

नंतर नंतर हे वाढत गेलं. भाजी कशी झालीय विचारलं की मी तिच्या तोंडाकडं बघायचो. टीव्हीवर जे लागलं असेल ते बघायचो. रविवारी शांतू पत्ते घेऊन आला. पत्त्यात मी इतका लबाड, की गल्लीत माझ्याशी कुणी खेळत नाही. मी तिन्ही डाव सरळ खेळलो आणि तिन्ही हरलो.

"अगं, तू यांचं काय केलंस?" शांतूनं बहिणीला विचारलं. जिंकल्याचा त्याला जराही आनंद झाला नव्हता. "दाजी, मारा की कोपरखळी. माझे पत्ते बघा चोरून. हे बघा, मी उघडे धरलेत."

"ऑपरेशन होऊ दे दादा," त्रिशला म्हणाली. "झालं की मी परत अहो म्हणणार. कधी नाव घेणार नाही." ती हे माझ्याकडं न बघता म्हणाली. बोलताना दोनदा थांबली, श्वासाला.

*

तीन महिने झाले. सरासरी सदतीस. मी इस्त्रीचा शर्ट घालून मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. शर्ट कुठला घालायचा ते त्रिशलानं सांगितलं होतं.

"अभिनंदन, मगदूम. तुम्ही कर्मचारी ठरलात."

"पर्मनंट?"

"पर्मनंट."

मी टेबलावर पेढ्यांचा बॉक्स ठेवला. मॅडमनी तो उघडला नाही. स्क्रीन माझ्याकडं वळवला आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला. "पण आमचे नाही."

स्क्रीनवर लिहिलं होतं: हुकमाचा धनी, सौ. त्रिशला धनपाल मगदूम.

"तुमचा हात ज्या आवाजानं हलला तो आवाज कंपनीचा नव्हता. एक दिवससुद्धा नाही. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मला वाटलं तुम्ही चोवीस तास सासूशी वगैरे बोलताय." त्यांनी घसा साफ केला. "आता असं होईल. क्रेनचा ठेका तुमच्या मिसेसच्या नावावर. सत्तर त्यांना मिळतील, टीडीएस कापून. त्यातून त्या तुम्हाला पगार देतील. तो पगार त्यांना खर्चात दाखवता येईल. तुमच्या पगारातून पीएफ कापायचा आणि तेवढाच त्यांनी घालायचा. तुम्हाला रजा, ग्रॅच्युइटी, सगळं लागू."

"सगळं म्हणजे विमापण?"

"मालकानं द्यायचा. तो तुमच्या घरच्यांना लागू होईल."

"मालक घरातलीच आहे की."

"एका माणसाच्या धंद्याला ग्रुप विमा कुणी देत नाही, मगदूम. साधा घ्यावा लागेल."

"तिचा आजार जुना आहे."

"मग तीन वर्षं," मॅडम म्हणाल्या. आणि पेढ्यांचा बॉक्स माझ्याकडं सरकवला.

म्हणजे बघा. आयुष्यभर मी आणि शांतू भांडलो, ठेकेदाराचं बरं की पर्मनंटचं. आता आमच्या एका घरात दोन्ही नांदत होते. ठेकेदाराचा सगळा जाच त्रिशलाकडं, पर्मनंटचं सगळं सुख मला. मला वर्षाला पंधरा पगारी रजा. तिला एकही नाही.

मी तिला म्हटलं, "काढून टाक मला कामावरून."

"काढलं तर तू घरी बसशील. मग ऊठ म्हणायला परत मीच. त्यापेक्षा कमवू. आठ लाख साठवायला लागतील ना?"

तिनं मला परत "अहो" म्हणून बघितलं. एक आठवडा फोन बंद ठेवला. मी क्रेनवर चढायचो, कारण सकाळी निघताना ती "जा" म्हणायची, आणि सुट्टीचा भोंगा होईपर्यंत पाना हातात धरून बसून राहायचो. तयारीचा तो घाट डोक्यात चढतच नव्हता. न वापरलेली वाट झाडोऱ्यानं बुजते, तसं काहीतरी झालं असणार. डोक्याचे डॉक्टर म्हणाले, कधीतरी येईल परत. कधी, ते त्यांनी सांगितलं नाही.

एकदा तिनं रबरी पाल माझ्या हातात आणून दिली. "धनपाल, गंमत कर. माझ्यासाठी."

मी तांदळाचा डबा उघडला, पाल आत ठेवली, झाकण लावलं. तिनं डबा उघडला आणि दचकल्यासारखं केलं. मी बघत उभा होतो. सांगितलेलं काम झालं होतं. ती पाल हातात घेऊन बराच वेळ स्वयंपाकघरात बसली.

*

हुकमाच्या धन्यानं फोनवरून हुकूम द्यायचा नाही, असा कायद्यात पुढचा नियम होता. अपघात झाला तर जबाबदार माणूस जागेवर पाहिजे. म्हणून त्रिशला फाउंड्रीत यायला लागली. क्रेनच्या खाली, पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर, प्लास्टिकच्या खुर्चीवर. डोक्यावर हेल्मेट, तोंडापुढं माईक, मांडीवर पाण्याची बाटली. भट्टीची धग तिथवर यायची. शांतूनं आपल्या पैशानं एक पंखा आणून लावला. जनरल मॅनेजर येता-जाता तिला "मॅडम" म्हणायचे.

तिचे हुकूम छोटे होत गेले. आधी म्हणायची, "धनपाल, आता डाव्या बाजूचं चाक बघ आणि मग दोरावर जा." मग नुसतं, "धनपाल, चाक." मग, "दोर." मग नावही गाळायला लागली, कारण नावाला श्वास लागतो. तरी माझे हात हलायचे. तिचा आवाज पुरेसा होता. डब्यात पैसे साठत होते, तीन लाखांच्या वर गेले होते, आणि डॉक्टरांनी दिलेल्या वर्षातले थोडेच महिने उरले होते.

त्या सकाळी मी पुलाच्या टोकाला होतो. क्रेन थांबवलेली, दोराच्या ड्रमचा बोल्ट ढिला.

"पाना," ती म्हणाली.

मी पाना लावला.

"आवळ."

मी आवळला.

"अजून..."

आणि आवाज थांबला.

मी तसाच होतो, पाना अर्ध्यावर. कानात फक्त पंख्याची घरघर येत होती. मग बाटली पडल्याचा आवाज आला. मी खाली बघितलं. मान मात्र अजून माझी मला वळवता येत होती. त्रिशला खुर्चीत एका बाजूला कलली होती. हेल्मेट गळून पडलं होतं, माईक छातीवर लोंबत होता. शांतू पळत आला. मग आणखी लोक. नेर्लेकर मॅडमही जिना उतरून आल्या, चप्पल एकाच पायात.

"दाजी!" शांतू वर बघून ओरडला. "खाली या! दाजी, लवकर या!"

मला ऐकू आलं. शिडी कुठं आहे ते दिसत होतं. पहिली पायरी, दुसरी पायरी, उतरायचं कसं हे अंगाला पाठ होतं. मी पायांना सांगत होतो. पण माझं सांगणं पायांपर्यंत पोचत नव्हतं. त्यांना माझा आवाज ओळखीचा उरला नव्हता.

"मगदूम, उतरा!" मॅडम ओरडल्या. "मी सांगतेय, उतरा!"

त्यांचाही हुकूम चालला नाही.

कुणीतरी तिच्या तोंडावर पाणी मारलं. कुणीतरी रुग्णवाहिकेला फोन लावत होतं. शांतूनं बहिणीचं डोकं मांडीवर घेतलं आणि वर माझ्याकडं बघितलं. त्याच्या लक्षात आलं. त्यानं लोंबणारा माईक उचलला आणि तिच्या ओठांजवळ धरला.

"बोल गं," तो रडत म्हणत होता. "एकदा बोल त्यांना. ये म्हण. नुसतं ये म्हण."

त्रिशलानं डोळे उघडले. मला शोधायला तिला वेळ लागला, मी फार उंचावर होतो. माझं तोंड कसं दिसत होतं कोण जाणे. ते बघून ती मालकीण असल्याचं विसरली असणार, आणि आपल्या माणसाला जे सांगायचं ते सांगून गेली.

"धनपाल," कानात बारीक आवाज आला. "घाबरू नको."

तिचे डोळे परत मिटले. शांतू तिला हलवत होता. लोक पळत होते. गेटकडून सायरन ऐकू यायला लागला. मी पुलावर, हातात पाना धरून, तिच्याकडं बघत उभा होतो.

आणि मला भीती वाटली नाही. अजिबात नाही.